काठीला अडकलेली कात

गोष्ट सांगता सांगता तिचा आवाज थांबला. घसा बसला नव्हता की ठसका लागला नव्हता. वाक्य अर्धं बोलून झालं होतं, उरलेलं अर्धं जिभेवर तयार होतं, आणि तरी ते बाहेर पडेना. पहिल्या बाकावर बसून पेनाचं टोपण चावणारी मुलगी आधी वर बघायला लागली, मग तिच्या मागचे दोघे, मग हळूहळू सगळा वर्ग. पंखा तेवढा घरघरत होता. फळ्यावर तिच्याच तिरप्या अक्षरात आजच्या तासाचं शीर्षक होतं : ‘माणूस मरतो का?’ दरवर्षी ती हे असंच लिहायची, दरवर्षी मागून कुणीतरी "हो मॅडम, मरतो," म्हणायचं, वर्ग हसायचा, आणि मग ती सांगायची की हा ‘का’ निराळा आहे; मरतो की नाही असं विचारत नाही मी, कशामुळे मरतो ते विचारतेय. जगातल्या बहुतेक लोकांनी कधी ना कधी हा दुसरा ‘का’ विचारला आहे आणि आपापल्या परीने त्याचं उत्तर दिलं आहे. कुणी म्हणतं, चंद्राने सशाबरोबर निरोप धाडला होता की मी मावळतो आणि पुन्हा उगवतो तसे तुम्हीही उगवाल. सशाने वाटेत त्या निरोपाची पार वाट लावली. कुणी म्हणतं, देवाने वरून आधी दगड सोडला, तो माणसांनी नको म्हटला. मग केळं सोडलं, ते आवडीने खाल्लं, म्हणून माणूस दगडासारखा टिकत नाही, केळीसारखा पोरांना जागा करून देतो आणि जातो. हे सगळं झालं की शेवटी ती कातेची गोष्ट सांगायची. एका दूरच्या बेटावरची. फार पूर्वी माणसं मरत नसत, म्हातारी झाली की नदीवर जाऊन सापासारखी कात टाकत आणि नवी होऊन घरी येत. अशीच एक आई नदीवर गेली. तिने कात टाकली, ती पाण्यावरून वाहत गेली आणि पुढे एका काठीला अडकून राहिली. आई घरी आली, तरुण, ताजी, हसरी. पण पोर तिला ओळखेना. ही माझी आई नव्हे, म्हणून त्याने आकांत मांडला. तेव्हा ती...

तेव्हा ती, इथेच गाडी अडली. तिला समोरचे बाक दिसत होते, खिडकीबाहेर सायकलींच्या दुकानाचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं, आणि त्या सगळ्याच्या मध्ये, पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखं हलणारं, एक दार दिसत होतं. दारात निळा कोट घातलेली, मानेपर्यंत केस कापलेली एक बाई. तिचा चेहरा नव्हता. म्हणजे असणारच, पण उजेड तिच्या पाठीमागून येत होता.

"मॅडम, परत गेली," टोपणवाली मुलगी मदत केल्यासारखी म्हणाली. "नदीवर परत गेली आणि काठीला अडकलेली जुनी कात काढून पुन्हा अंगावर चढवली. पोर गप्प झालं. तेव्हापासून माणसं मरतात. मागच्या वर्षीच्या ताईने सांगितलं होतं मला."

"बरोबर," ती म्हणाली. आवाज आला होता, पण तिचा वाटत नव्हता. "आज इथेच थांबू."

मुलांना काय, ती पाच मिनिटांत पांगली. ती मात्र फळा पुसायला उठली आणि नुसती उभी राहिली. वीस-बावीस वर्षं ती हा विषय शिकवत होती. अभ्यासक्रमात त्याचं नाव होतं ‘पुराणकथांची तुलना : एक ओळख’. पहिल्याच तासाला ती मुलांना बजावून सांगायची की दोन गोष्टी सारख्या दिसल्या की लगेच हुरळून जाऊ नका. एका नदीकाठी मासा येऊन सांगतो की पूर येणार, नाव बांध. दुसऱ्या नदीकाठी देव बोरूच्या काड्यांनी विणलेल्या भिंतीच्या कानात तेच कुजबुजतो. असेल, एकाने दुसऱ्याचं ऐकलं असेल, गोष्टींना पाय असतात. किंवा नसेलही ऐकलं. नदी आणि भीती दोन्हीकडे होती, गोष्ट दोन्हीकडे आपली आपण उगवली असेल. आणि कधी कधी तर सारखेपणा गोष्टींत नसतोच, तो बघणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. तुम्ही पुरावर निबंध लिहायला बसलात की तुम्हाला जिथे तिथे पाणीच दिसणार. म्हणून सारखेपणा नोंदवा आणि बाजूला ठेवा. फरकाकडे बघा. कोण सांगतंय, कुणाला सांगतंय, आणि तसं सांगितल्यामुळे कुणाचं काय निभावतंय, ते विचारा. आणि खरी गोष्ट कुठली, हे विचारू नका. मुलं हे वाक्य वहीत उतरवून घेत. ती ते इतक्या सफाईने म्हणायची की ते आपल्याला कधी लागू पडेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

व्हरांड्यात विभागप्रमुख भेटले. गृहस्थ उत्साही, तोंडात सदैव खडीसाखर नाहीतर खोकल्याची गोळी. ती गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत ते म्हणाले, "मग? काय ठरलं बेटांचं? त्यांना उद्या दुपारपर्यंत होकार-नकार हवाय."

बेटांचं म्हणजे एका मोठ्या संस्थेने तिला वर्षभरासाठी बोलावलं होतं. जिथे ही कातेची गोष्ट अजून सांगतात त्या बेटांवर राहायचं, या गावातून त्या गावात जायचं, आणि तिची जितकी रूपं सापडतील तितकी त्या त्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकून घ्यायची. तिच्या वयाच्या माणसाला अशी हाक पुन्हा येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

"नाही जमणार," ती म्हणाली. "आईचं वय झालंय. शिवाय विसरायला लागलीय ती. डॉक्टर म्हणाले, ही सुरुवात आहे."

"मग प्रश्नच नाही," ते मवाळ होऊन म्हणाले. "आईपुढे कसली बेटं. मी कळवून टाकतो उद्या."

इतकं सोपं होतं ते. ते निघून गेले तेव्हा तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याच्या तळाशी काहीतरी बोचलं. आईचं नाव पुढे केलं की कुणी वाद घालत नाही. पण आईचं विसरणं सुरू व्हायच्या आधीही, दहा वर्षांपूर्वी आणि त्याहून आधी एकदा, तिला अशीच बोलावणी आली होती. तेव्हाही तिने आईचंच नाव सांगितलं होतं, आणि तेव्हा तर आई जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत होती.

ती बस न धरता चालत निघाली. दुपार उतरणीला लागली होती, रस्त्यावर दुकानांच्या सावल्या लांबल्या होत्या, आणि काचांमध्ये तिच्यासारखीच एक बाई तिच्याबरोबर चालत होती, कधी पुढे, कधी थोडी मागे. आपण चालतोय की कुणी आपल्याला वाहून नेतंय, असं काहीसं होत होतं. दार पुन्हा पुन्हा येत होतं. ते तिला आठवत होतं असं म्हणता येणार नाही. दोन वर्षांच्या पोराला काय आठवणार. ते तिला सांगितलेलं होतं, आणि इतक्यांदा की सांगितलेल्याला आठवणीचा रंग चढला होता. सांगणारे बाबा. घरी कुणी आलं, गप्पा रंगल्या, की बाबा खुर्चीत पुढे सरकून बसत आणि म्हणत, "आमच्या भिंगरीचा पराक्रम सांगतो तुम्हाला." भिंगरी म्हणजे ती, लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून. मग गोष्ट. आईला वेधशाळेत नोकरी लागली होती, हवामानाची. त्यासाठी आधी लांबच्या गावी, डोंगरावरच्या वेधशाळेत, सहा-सात महिने शिकायला जायचं होतं. आई गेली. भिंगरीला आत्याने सांभाळलं. आणि आई परत आली ती केस कापून, निळा कोट घालून, बूट घालून, वाऱ्याने रापून. दार उघडलं, भिंगरीने तिला बघितलं आणि जे भोकाड पसरलं म्हणता, घर डोक्यावर घेतलं. जवळच जाईना. ही आई नाही, ही आई नाही. शेवटी आईने आत जाऊन कोट काढला, घरातले जुने कपडे घातले, डोक्याला फडकं बांधलं, तेव्हा कुठे कार्टी गप्प. "आणि त्या दिवशी नोकरी गेली ती गेलीच," बाबा टाळी देत म्हणत. "हवामान खात्याचं नुकसान, पण इथल्या शाळेला ग्रंथालयात बाई मिळाली." आई पुढे आयुष्यभर एका शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारत बसली. सगळे हसत. ती स्वतःही हसे, जरा मिरवूनच हसे, कारण घरातल्या सगळ्या गोष्टींमध्ये एवढी एकच अशी होती की जिची नायिका ती होती. शाळकरी वयात तर ती मैत्रिणींनाही सांगायची, मी रडले म्हणून आईने नोकरी सोडली. मुली थक्क होत.

बेटावरची गोष्ट तिने पहिल्यांदा वाचली तेव्हा ती बावीसची होती. वाचून तिला रात्रभर झोप नव्हती, आणि सकाळी तिने ठरवलं की आपण हाच विषय शिकणार. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही. आणि आज एका खांबाला हात टेकून ती उभी राहिली, कारण एक साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. इतक्या वर्षांत, इतक्या पाहुण्यांसमोर, ती गोष्ट आईने एकदाही सांगितली नव्हती. बाबा सुरुवात करत आणि आई कप उचलून आत जाई. नळाचा आवाज येई. गोष्ट संपून हसणं ओसरायच्या बेताला आई बाहेर येई आणि सगळ्यांच्या मागून, जरा उशिराने, हसे. कोण सांगतंय ते बघा, ती मुलांना शिकवायची. जो सांगत नाही त्याच्याकडे बघा, हे तिच्या स्वतःच्या घरात तिला सुचलं नव्हतं.

बागेच्या कठड्यावर बसून तिने आत्याला फोन लावला. आत्या आता दुसऱ्या शहरात मुलाकडे असते, कानाने थोडी कमी, पण तोंडाने खणखणीत.

"आत्या, आई वेधशाळेतून परत आली, त्या दिवशी तू होतीस ना घरी?"

"नसायला काय झालं? मीच तर होते. तुझं हागणं-मुतणं कोण काढत होतं तेव्हा?"

"मी खूप रडले ना तेव्हा? आईला बघून?"

पलीकडे दूरदर्शनचा आवाज कमी झाला. मग आत्या म्हणाली, "रडतेस कसली. तू झोपली होतीस. माझ्या मांडीवर. आदल्या दिवशी ताप होता तुला, नुकता उतरला होता, मी हलले सुद्धा नाही. तुझी आई आली, दारात उभी राहिली, आणि मी तिला खूण केली, हळू, आवाज करू नकोस. ती तिथेच बूट काढून बसली. कितीतरी वेळ आम्ही तिघी तशाच."

"मग बाबा सांगायचे ते?"

"दादाचं काय, तो गोष्टी रंगवायचा," आत्या म्हणाली, आणि पुढे सांगायला लागली, "तेव्हा तू माझ्याशिवाय झोपत नव्हतीस बरं का. तुझी आई आल्यावरही आठवडाभर मलाच बोलवायचीस." त्या आवाजात इतक्या वर्षांनंतरही एक लहानसं, जपून ठेवलेलं सुख होतं. तिला ते ऐकू आलं. आत्याला स्वतःचं मूल उशिरा झालं होतं.

फोन ठेवला तेव्हा बागेत कुणीतरी झाडांना पाणी घालत होतं आणि ओल्या मातीचा वास सुटला होता. तर एका रूपात पोर रडतं आणि दुसऱ्यात झोपलेलं असतं. एकात पोर राजा, दुसऱ्यात आत्याची मांडी. बाबांच्या गोष्टीत आत्या नावापुरती आणि आत्याच्या गोष्टीत बाबा नाहीतच. तिला हसू आलं, आणि हसता हसता ती थांबली, कारण जर ती रडलीच नव्हती तर एवढा जन्म ती कशाची भरपाई करत होती? तिचं दर रविवारी आईकडे जाणं, दर सुट्टी आईबरोबर काढणं, बोलावणी नाकारणं. जणू कुणी नदीकाठी उभं राहून, कात चढवून घेतलेल्या बाईला सांगतंय, बघ, मीही कुठे जात नाही.

आईचं घर तिसऱ्या मजल्यावर. गेल्या महिन्यात आई शेजारच्या जिन्याने चढली होती आणि तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दाराला आपली किल्ली लावत बसली होती. दार उघडणाऱ्या गृहस्थालाच तिने ऐकवलं होतं, "तुमचं कुलूप बिघडलंय, दुरुस्त करून घ्या." ते सांगताना आई इतकी हसली होती की डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मग हसू गेलं आणि पाणी राहिलं होतं. आज आई खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती. उजेड तिच्या पाठीमागून येत होता.

"आज कुठला वार?" आई म्हणाली. "तू आज कशी?"

"सहज."

"सहज येणारी नाहीस तू. बस. अर्धे सोल."

ती सोलायला बसली. शेंगा फुटण्याचा बारीक आवाज तेवढा. आईची बोटं अजून झरझर चालत होती. बोटं विसरत नव्हती. मग ती एकदम म्हणाली, "आई, तू वेधशाळेतून आलीस तेव्हा मी रडले होते का?"

आईने शेंग अर्धवट उघडी धरली. "बाबा सांगायचे ना ते."

"बाबा सांगायचे. तू सांग."

"आता काय करायचंय ते?"

"आत्या म्हणते मी झोपले होते."

"वन्संनी तुला फार केलं," आई म्हणाली. "त्यांना झोपलेलीच आठवणार तू." तिने दाणे वाटीत ढकलले, साल बाजूला टाकलं, आणि पुढची शेंग घेतली नाही. "तू रडली नव्हतीस. झोपलीही नव्हतीस. मी जिना चढून आले तर दार उघडंच होतं आणि उंबऱ्यात एक पोर बसलं होतं. डोक्यावर केस नाहीत, तापात उतरवले होते म्हणे, मला कुणी कळवलं नव्हतं. उंच झालेलं. अंगात कुणाचातरी मोठा सदरा. मी मनात म्हटलं, कुणाचं बरं हे? छान आहे. शेजारी नवीन कुणी आलंय वाटतं. आणि मी त्याला ओलांडून आत आले."

 शेंगा तिच्या हातातच राहिल्या.

"ओलांडून आले," आई पुन्हा म्हणाली, "आणि आत येऊन हाक मारली, भिंगरी कुठाय? तर मागून ते पोर धावत आलं आणि माझ्या पायाला मिठी मारली. तू मला ओळखलंस. एवढा कोट, एवढे बूट, एवढ्याशा पोरीने बरोब्बर ओळखलं. मीच नाही ओळखलं तुला." खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने टरफलं थोडी सरकली, तिने ती हाताने गोळा केली. "तुझे बाबा आतल्या दारात उभे होते. त्यांनी पाहिलं. मग पुढे कुणी विचारलं की नोकरी का सोडली, तर ते आपले हे सांगायचे. पोर रडलं म्हटलं की लोक हसतात गं. आईने ओळखलं नाही म्हटल्यावर कोण हसणार होतं? झाकलं त्यांनी मला. चांगलं केलं की वाईट, मला अजून कळलेलं नाही. दर वेळी ते सांगायला लागले की मला वाटायचं, आज उठून म्हणावं, नाही, असं झालं नाही. आणि मी कप विसळायला जायची."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिला वाटलं आपण फार खोल पाण्यात बसलोय आणि आवाज वरून येतायत. तीन गोष्टी तिच्यापुढे होत्या. रडलेली पोर, झोपलेली पोर, ओलांडलेली पोर. यातलं मूळ रूप कुठलं, असं विचारायचं नाही. आणि इथे तर विचारायला जागाही नव्हती, कारण ही तिसरी गोष्ट सांगणारी बाई गेल्या महिन्यात स्वतःचं दार विसरली होती. पण उंबऱ्यातल्या त्या तुळतुळीत डोक्याच्या पोरीबद्दल तिला एक विलक्षण माया वाटली, जणू ती दुसरीच कुणी होती आणि फार हुशार होती.

"मी त्या एका क्षणाला इतकी घाबरले," आई म्हणाली, "की पुन्हा कुठे गेलेच नाही."

"वर्गात मी एक गोष्ट सांगते," ती म्हणाली, आणि तिने आईला कातेची गोष्ट सांगितली. आजवर हजार मुलांना सांगितली होती, आईला कधीच नाही. यावेळी आवाज कुठेही अडला नाही. आईने ती डोळे बारीक करून ऐकली, आणि संपल्यावर म्हणाली, "आणि ती नवी कात कशी होती, हे त्या बाईला कुणी विचारलं का?"

"नाही," ती म्हणाली. तिने मनातल्या मनात सगळी रूपं चाळली, छापलेली, ऐकलेली, तळटिपांमधली. "कुठल्याच रूपात नाही."

"हं," आई म्हणाली.

"कशी होती, आई?"

आणि आई सांगायला लागली. तिच्याकडे न बघता, वाटीकडेही न बघता. डोंगरावर पहाटे इतका गारठा असायचा की पेन्सिल बोटांत धरवत नसे. आधी फुगा भरायचा. पांढरा, माणसाएवढा. दोघी-तिघींनी धरून तो बाहेर आणायचा आणि वेळ झाली की सोडायचा. तो वर जायला लागला की दुर्बिणीला डोळा लावून त्याचा पाठलाग करायचा, एकीने कोन सांगायचे, दुसरीने लिहायचे, म्हणजे वर वारं कुठून कुठे चाललंय ते कळतं. सगळ्या जणी लवकर थकायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं. ही नाही. आईला तो सगळ्यात जास्त वेळ दिसायचा. "एवढासा व्हायचा. मोहरीएवढा. मग मोहरीची आठवण असते ना, तेवढा. बाकीच्या म्हणायच्या, गेला, सोड आता. मी म्हणायची, आहे. आणि असायचा. खाली कुणाचं घर आहे, कुणाचं पोर आहे, मी कुणाची कोण आहे, काही नसायचं गं डोक्यात. नुसती बघत असायची. फार बरं वाटायचं मला. तेच भोवलं."

"फुटायचा तो?"

"फुटत असणार. पण आम्ही तसं लिहायचं नाही. मोठ्या बाईंची शिस्त होती. फुटताना तुम्ही पाहिलाय का? नाही ना? मग लिहा, दिसेनासा झाला."

वाटाणे सोलून संपले होते. आईने वाटी हलवून दाणे सारखे केले. या बाईला ती पन्नास वर्षं ओळखत होती, आणि ही डोळे बारीक करून आभाळात बघणारी बाई तिने आज प्रथम पाहिली होती. ती रडली नाही. तिने हळूहळू, शब्द जुळवत, बेटांचं सांगितलं. वर्षभराचं बोलावणं, उद्याची मुदत, आणि आपण काय कारण दिलं ते.

"माझं नाव सांगितलंस?" आई म्हणाली.

"हो."

"याआधीही अशी बोलावणी आली होती?"

"आली होती."

आई खिडकीबाहेर बघत राहिली. "बाबांनी माझ्यासाठी तुझं नाव पुढे केलं. तू तुझ्यासाठी माझं करतेस. एवढ्याशा घरात किती दिवस एकमेकींच्या आड लपायचं?" आवाज चढला नव्हता. "घाबरत असशील तर मी घाबरते म्हण. ते चालेल मला."

"घाबरते," ती म्हणाली. "मी परत येईन तेव्हा तू..." पुढचं वाक्य तिला म्हणवेना.

"मी तुला ओळखणार नाही," आईने ते सरळ पुरं केलं, दुकानातून काय आणायचं ते सांगावं तसं. "होऊ शकतं. डॉक्टर मला समोर बसवूनच बोलत होते, मी काही बहिरी नाही. मलाही भीती वाटते. तू नसताना जास्त वाटेल. वन्संच्या मुलाला सांग, आठवड्याला फोन करत जा म्हणावं, आणि खालच्या मजल्यावरची नर्सबाई येते म्हणालीय सकाळ-संध्याकाळ, तिला काय द्यायचं ते ठरव. ते सगळं होईल. पण तू परत आलीस ना, की दारातच आधी नाव सांग. नुसती मिठी मारू नकोस. नाव सांग, पूर्ण. म्हणजे मला शोधायला सोपं जाईल."

दूध संपलं होतं म्हणून ती खाली दुकानात गेली. दुकानदार सुटे शोधत असताना तिने विभागप्रमुखांना फोन लावला. ते काही खात असावेत, किंवा गोळी चघळत असावेत.

"सर, उद्या नकार कळवू नका. मी जातेय."

"अहो, पण आई?"

"तिच्याशी बोलले," ती म्हणाली. "मी आधी तिचं कारण सांगितलं, ते तिचं नव्हतं. माझं होतं."

ते काहीतरी मोकळं, आनंदाचं बोलले. तिने ऐकून घेतलं, दूध घेतलं आणि जिना चढायला लागली. संध्याकाळचा पिवळा उजेड जिन्याच्या जाळीतून पायऱ्यांवर पडला होता, आणि तिला क्षणभर कळेना की आपण चढतोय तो आईचाच जिना आहे की शेजारचा. तिसऱ्या मजल्यावर दार लावलेलं होतं. तिच्याकडे किल्ली होती. तिने ती वापरली नाही. घंटी वाजवली आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली.

आतून चपला घासत येण्याचा आवाज. कडी. दार उघडलं आणि आई समोर उभी राहिली, हात चौकटीला टेकून.

"कोण हवंय?" आई म्हणाली.

थट्टा होती की काय, ते तिला चेहऱ्यावरून कळेना. तिने निरखून पाहिलं, कळेना. मग तिने आपलं नाव सांगितलं. आधी घरातलं, मग पूर्ण. आणि बोलून झाल्यावर ती तशीच थांबली, दुधाची पिशवी दोन्ही हातांत धरून, न हसता, न रडता, पुढे न येता.

आईने डोळे बारीक केले. ती बघत राहिली, घाई न करता, इतर सगळ्या जणी थकून बाजूला झाल्यावरही जशी बघत राहायची तशी. जिन्यावर खाली कुणीतरी चढून आलं आणि आपल्या घरात गेलं.

"आहे," आई म्हणाली, आणि तिला आत यायला जागा करून दिली.